उरण : खाडीकाठचे एक जुने गाव

आपल्याकडे एखाद्या गावाची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे प्रथम त्याच्या नदीचे नाव घ्यावयाची चाल आहे. नाशिक म्हटले की गोदावरी आली, वाई म्हटली की कृष्णा आली, आणि दूर दक्षिणेस आपल्याच भोसले राजांनी सुमारे पावणेदोनशे वर्षे नांदविलेले तंजावर म्हटले की कावेरी आली. नदीकाठी घाट, घाटावर देऊळ आणि देवळाभोवती पाठशाळा व बाजार हे चित्र आपल्या मनात इतके ठसलेले आहे की, ज्या गावाला गोड्या पाण्याची नदी नाही त्यालाही सांगण्याजोगा इतिहास असेल, ही गोष्ट आपल्याला सहसा सुचत नाही.

रायगड जिल्ह्यातील उरण हे असे गाव आहे. येथे नदी उगम पावत नाही व गावावरून वाहतही जात नाही. नद्या येथवर येतात त्या आपले नाव टाकूनच येतात. दक्षिणेस पाताळगंगा व अंबा ह्या धरमतरच्या खाडीत मिळतात. उत्तरेस पनवेलची व ठाण्याची खाडी आपले पाणी मुंबईच्या बंदरात आणून सोडते. ह्या दोन मुखांच्या मधोमध, पश्चिमेस समुद्र व पूर्वेस दलदलीचा पट्टा घेऊन, दोन टेकड्यांचे एक बेट पूर्वी उभे होते. त्याला कारंजे म्हणत. इंग्रज व पोर्तुगीज कागदपत्रांत ते ह्याच नावाने आढळते. उरण हे त्या बेटावरील मुख्य गाव. दलदल भरत गेली, बांध पडले, रस्ते झाले, आणि बेट मुख्य भूमीला केव्हाच चिकटले.

मुंबईत राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांनी हे गाव आयुष्यभर पाहिले आहे, परंतु लांबून. भाऊच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर पाण्यापलीकडे ज्या निळसर टेकड्या दिसतात, त्यांपैकी काही उरणच्या होत. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावाशेवा ह्या सुमारे पावणेबावीस किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी आगगाडीही उरणपर्यंत पोहोचली. जे गाव मुंबईकरांस भरती-ओहोटीच्या हिशेबाने गाठावे लागत असे, ते आता घड्याळाच्या हिशेबाने गाठता येते. सुशिक्षित कुटुंबे तेथे घरे घेऊ लागली आहेत. अशा वेळी त्या भूमीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ही भूमी इतर भूमीसारखी नाही. तिचा मोठा भाग निसर्गाने दिलेला नसून माणसांनी समुद्रापासून मागून घेतलेला आहे.

बांध आणि उघाडी

मुंबईच्या बंदरात उधाणाच्या भरतीला पाणी पंधरा-सोळा फुटांपर्यंत चढते. दिवसातून दोन वेळा हे पाणी खाड्यांतून आत शिरते आणि दोन वेळा परतते. जेथपर्यंत ते पोहोचते तेथील चिखलाची जमीन म्हणजे खाजण. तेथे तिवरांची झाडे वाढतात, खेकडे व मासे वाढतात. भात मात्र वाढत नाही. ह्या खाजणाभोवती मातीचा बांध घालून भरतीला बाहेर थोपविले म्हणजे आतील जमिनीला ‘खार’ म्हणतात. ह्या मार्गावरील खारकोपर, शेमटीखार ही स्थानकांची नावे उच्चारताना प्रवाशांस ती विचित्र वाटत असतील; परंतु ह्या एका अक्षरजोडीत तेथील शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांची मेहनत साठलेली आहे.

नुसता बांध घातल्याने काम भागत नाही. कोकणातील पाऊस काही थोडाथोडका नव्हे. आत पडलेले पाणी बाहेर गेले नाही तर भात कुजावयाचे. म्हणून बांधात जागोजाग दारे ठेवलेली असतात. त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने झडप उघडते व पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. भरती आली की बाहेरील पाण्याच्या दाबाने तीच झडप घट्ट बसते. ना राखणदार, ना यंत्र. चंद्राच्या कलेनुसार चालणारे हे दार आहे. पावसाचे गोडे पाणी एक-दोन वर्षे जमिनीतून झिरपून गेले म्हणजे क्षार धुऊन जातो आणि मग खाऱ्याला दाद न देणारे जाड भात तेथे पिकू लागते. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रात अलीकडच्या काळात अशा जमिनीसाठी भाताच्या सुधारलेल्या जाती तयार झाल्या आहेत; परंतु शास्त्रज्ञांच्या कितीतरी अगोदर हे बियाणे शेतकऱ्यांनी निवडून निवडून जपलेले होते.

बांधाची खरी कसोटी लागते ती आषाढ-श्रावणातील उधाणाला. वरून पाऊस, बाहेरून लाटा आणि आतून खेकड्यांनी केलेली बिळे. अशा वेळी बांध एका जागी खचला की त्याला ‘खांड’ पडली म्हणतात. खांड पडली तर एकाच शेतकऱ्याचे नव्हे, आतील सर्वांचे शेत जाते आणि खारे पाणी शिरलेली जमीन पुन्हा मार्गावर यावयास काही वर्षे लागतात. त्यामुळे रात्री अपरात्री हाक आली की पेंढा, माती, दगड जे हाती लागेल ते घेऊन सारे गाव बांधावर धावे. येथे भाऊबंदकी चालत नसे. चालून परवडतच नसे. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या व्यवस्थेचे मर्म अधिक फोड करून सांगावयास नको. पुढे 1948 साली मुंबई सरकारने खार जमिनींविषयी स्वतंत्र कायदा करून बांधांच्या देखभालीत लक्ष घातले. परंतु तोवर, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, बांध टिकला तो गावकीच्या एकजुटीवर.

ह्याच पाण्याचा दुसरा उपयोग मिठाचा. शेतकरी ज्या पाण्याला बाहेर ठेवतो, त्यालाच मीठ पिकविणारा आदराने आत घेतो. उधाणाच्या भरतीला समुद्राचे पाणी मोठ्या तळ्यात साठवावयाचे, तेथून उथळ वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवावयाचे आणि पुरेसे घट्ट झाले म्हणजे अगदी सपाट, पायांनी तुडवून कठीण केलेल्या लहान वाफ्यांत सोडावयाचे. शंभर भाग समुद्राच्या पाण्यात क्षार असतात ते सुमारे साडेतीन भाग. तेव्हा किती ऊन, किती वारा व किती पायपीट त्या मूठभर मिठामागे आहे ह्याची कल्पना करावी. दिवाळीनंतर वाफे साफ करावयाचे, उन्हाळाभर मीठ ओढावयाचे आणि मृगापूर्वी राशी घालून त्यांवर गवताचे छप्पर करावयाचे, असा हा क्रम. मिठाच्या शेताला आगर म्हणतात व त्यावरूनच आगरी हे जातीचे नाव पडले, असे मानण्याचा प्रघात आहे. उरणचा मोठा समाज आगरी व कोळी ह्यांचा. एकाने बांध राखला, दुसऱ्याने बंदर राखले.

उत्पन्न येथले, कोठार दुसरीकडचे

उरणच्या इतिहासाकडे बारकाईने पाहिले म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. येथे जे जे पिकले त्याचा हिशेब कोठेतरी दुसरीकडे ठेवला गेला.

उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांचे शिलालेख उरणच्या परिसरात मिळाले आहेत. चांजे येथील एक लेख शके 1060 चा, म्हणजे इसवी सन 1138 च्या सुमाराचा, अपरादित्य राजाच्या कारकिर्दीतील आहे. रानवड येथील शके 1181 चा व चांजे येथील शके 1182 चा हे दोन लेख शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर ह्याचे आहेत. ह्यांपैकी शेवटच्या लेखातील मजकूर मोठा मनोरंजक आहे. उरणमधील चांजे गावातल्या एका बागेचे ठरावीक उत्पन्न, 162 द्रम्म, राजाने श्रीस्थानक येथील उत्तरेश्वर महादेवास अर्पण केले आहे. श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे. आज उरणमध्ये फिरताना चांजे हे गाव त्याच नावाने दाखविता येते. साडेसातशेहून अधिक वर्षे गावाने नाव सोडले नाही, ही गोष्ट काही लहान नव्हे. तथापि बाग उरणची आणि नैवेद्य ठाण्याचा, हा त्या दानाचा दुसरा अर्थही नजरेआड करता येत नाही.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांस दिला, त्याबरोबर कारंजे बेटही त्यांच्याकडे गेले. दोनशे वर्षे ते त्यांच्या अमलाखाली राहिले. द्रोणागिरीच्या डोंगरावर किल्ल्याचे व देवळाचे, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचे, अवशेष अद्याप आहेत. लक्ष्मणासाठी संजीवनी घेऊन जाणाऱ्या मारुतीच्या हातून द्रोणागिरीचा एक तुकडा येथे पडला, अशी आख्यायिका गावोगाव सांगतात. एकाच डोंगरावर रामायण व रोमचे पोप ह्या दोघांच्याही खुणा नांदत आहेत, हे कोकणच्या इतिहासाला साजेसेच आहे.

चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, 1737 ते 1739 ह्या काळात, पोर्तुगीजांचा हा मुलूख मराठ्यांच्या हाती आला. परंतु हे राज्य फार दिवस टिकावयाचे नव्हते. पुण्यात घरातील कलह सुरू झाला आणि त्याचा लाभ घेऊन इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस ठाणे घेतले. त्यापाठोपाठ कारंजेही घेतले. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी व कारंजे ही बेटे इंग्रजांकडेच राहिली. पेशवाई बुडाली 1818 मध्ये. म्हणजे पनवेलात भगवा फडकत असताना समोरच्या उरणात छत्तीस वर्षे इंग्रजांचे निशाण तहाच्या आधाराने लागलेले होते. मधे होती ती केवळ एक दलदल. भाऊबंदकीची किंमत कोठे आणि कशी चुकती होते, हे शिकावयास ह्याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

इंग्रजांच्या काळात उरणची ख्याती दोन जिनसांसाठी होती. पहिली मीठ. दुसरीचे नाव ऐकून आमच्या वाचक भगिनी कदाचित नाक मुरडतील. ती म्हणजे मोहाची दारू. गुजरातेकडून मोहाची फुले गलबतांनी येत, येथे पारशी मालकांच्या भट्ट्यांत त्यांची दारू गाळली जाई आणि ती मुंबईला जाई. सरकारला दोन्ही जिनसांवर मनसोक्त कर मिळे. मिठाचीच गोष्ट घ्यावी. 1888 पासून मणामागे अडीच रुपये कर होता. वाफ्यात मीठ ओढणाऱ्याच्या पदरी काय पडत असेल ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा. त्याच्या घामाचे मोल किती आणि त्यावर बसलेल्या शिपायाचे मोल किती, ही तुलना 1930 साली गांधीजींनी साऱ्या देशाला करावयास लावली. तो कर उठला 1947 साली.

चिरनेरचा जंगल सत्याग्रह

दांडीच्या मिठानंतर महाराष्ट्रात जेथे समुद्र नव्हता तेथे लोकांनी जंगलाचे कायदे मोडण्यास प्रारंभ केला. उरण तालुक्यात समुद्रही होता आणि जंगलही होते. चिरनेर हे महागणपतीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. घराला वासा, नांगराला लाकूड आणि चुलीला सरपण ज्या रानातून पिढ्यान् पिढ्या येत होते, त्यातच कोयता नेणे गुन्हा ठरले होते. 25 सप्टेंबर 1930 रोजी आजूबाजूच्या गावांतील लोक मोठ्या संख्येने चिरनेरजवळील अक्कादेवीच्या रानात जमले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मृत्यू पावले. त्या धुमश्चक्रीत मामलेदार व काही सरकारी नोकरही प्राणास मुकले.

हुतात्म्यांची नावे वाचली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. त्यांत आगरी आहेत, कोळी आहेत, आणि नाग्या महादू कातकरी हा रानातच जन्मलेला, रानावरच जगणारा तरुणही आहे. शहरात सभा भरवून ठराव करणाऱ्या आपल्या सुशिक्षित वर्गाचे नाव त्या यादीत शोधून सापडत नाही. हे आम्ही कोणास हिणविण्यासाठी लिहीत नाही. परंतु स्वातंत्र्याचा इतिहास आपल्या घरांत मुलांना सांगितला जातो तेव्हा त्यातील नावे बहुधा पुण्या-मुंबईची असतात. त्यांच्या जोडीला नाग्या कातकऱ्याचेही एक नाव घ्यावे, इतकेच आमचे म्हणणे आहे. दरवर्षी 25 सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

जमीन आली आणि गेली

स्वातंत्र्यानंतर कुळांचा प्रश्न हाती घेण्यात आला. धरमतरच्या खाडीपलीकडे, अलिबागजवळील चरी येथे, खोतांविरुद्ध शेतकऱ्यांनी 1933 पासून काही वर्षे शेतीच कसावयाची नाही असा संप केला होता; त्याची धग सर्व कुलाबा जिल्ह्यास लागलेली होती. 1949 साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. पुढे कूळकायद्यात दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 1957 हा दिवस ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्यात आले. ज्या खाराचा बांध पणजोबांनी घातला, आजोबांनी राखला, त्याच्या सातबाऱ्यावर नातवाचे नाव लागले. हे सुख किती दिवसांचे होते? 1970 साली मुंबईच्या समोर नवे शहर वसविण्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील 95 गावांची जमीन त्या शहरासाठी निश्चित करण्यात आली. म्हणजे मालकी पदरात पडून अवघी तेरा वर्षे झाली होती.

देशाला बंदर हवे होते, हे कोणी नाकारणार नाही. मुंबईचे जुने बंदर गर्दीने गुदमरले होते. 1974 साली मुंबईजवळच्या समुद्रात खनिज तेल सापडले, त्याचे नळ समुद्रातळाने उरणला आणावे लागले आणि तेथे मोठा कारखाना उभा राहिला. पाठोपाठ वायूवर चालणारे विद्युत्केंद्र आले. 26 मे 1989 रोजी न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले व पाहता पाहता देशातील अग्रगण्य बंदरांत गणले जाऊ लागले. आपल्या घरातील परदेशी बनावटीची एखादी वस्तू उरणच्या किनाऱ्यावर उतरलेली असण्याचा संभव पुष्कळ आहे. तेव्हा प्रश्न बंदर हवे की नको हा नव्हता. प्रश्न होता तो हा की, ज्यांची जमीन जाते त्यांस काय मिळावयाचे व ते कोणी ठरवावयाचे.

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर लावून धरला ते दि. बा. पाटील उरण तालुक्यातील जासई गावचे. 13 जानेवारी 1926 रोजी त्यांचा जन्म झाला. वकिली शिकून ते शेतकरी कामकरी पक्षात आले, पाच वेळा विधानसभेत व दोन वेळा लोकसभेत निवडून गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली 16 व 17 जानेवारी 1984 रोजी उरणच्या शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. पुन्हा गोळीबार झाला व पाच शेतकरी मृत्यू पावले. चिरनेरला गोळी घालणारे सरकार परके होते. जासईला ते आपले होते. ह्या बलिदानानंतर पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. जमीन गेलेल्या शेतकऱ्यास नव्या शहरात वाटा असला पाहिजे, हा विचार आज कोणास नवा वाटत नाही. तो रूढ होण्यास उरणच्या शेतकऱ्यांचे रक्त सांडावे लागले. पाटील ह्यांचे निधन 24 जून 2013 रोजी झाले.

तथापि सर्वांचे हिशेब चुकते झाले असे नाही. बंदरासाठी शेवा येथील कोळीवाडा उठविण्यात आला व ते लोक हनुमान कोळीवाडा येथे वसविण्यात आले. तेथील घरांना वाळवीने ग्रासले आणि पुन्हा पुनर्वसन व्हावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे दाद मागितली. मासेमारी करणाऱ्याची शेती पाण्यात असते. तिला सातबारा नसतो. त्यामुळे जमीन मोजणाऱ्याच्या वहीत त्याचे नुकसान कोणत्या रकान्यात मांडावयाचे, हा पेच निर्माण होतो.

धवलारीण

आता थोडे घरातील रीतींविषयी. आगरी समाजाच्या लग्नात एक अशी व्यक्ती असते की, तिच्याविषयी आमच्या वाचक भगिनींस निश्चित कुतूहल वाटेल. तिला धवलारीण म्हणतात. हळदीपासून मांडवापर्यंत एकेका विधीला साजेशी गीते, म्हणजे धवले, ती म्हणते व तिच्या गाण्याच्या क्रमाने विधी पुढे सरकतो. आपल्याकडे मंगलाष्टके म्हणणारे उपाध्याय असतात. येथे पुष्कळ काळपर्यंत ते स्थान एका स्त्रीचे होते. ही गीते लिहिलेली नसतात. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे ती मुखाने येतात.

मराठी साहित्याच्या अभ्यासकांस ‘धवळे’ हा शब्द ऐकताच तेराव्या शतकातील महदाइसेची आठवण होईल. महानुभाव पंथातील ही विदुषी मराठीची आद्य कवयित्री मानली जाते आणि तिची प्रसिद्ध रचना म्हणजे श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे. जो काव्यप्रकार आपण पाठ्यपुस्तकात वाचून परीक्षेपुरता लक्षात ठेवतो, तो खाडीकाठच्या मांडवात निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या वृद्ध स्त्रियांनी सातशे वर्षे जिवंत ठेवावा, ह्यात कोण सुशिक्षित व कोण अशिक्षित हे ठरविणे अवघड होऊन बसते. आज लग्ने सभागृहांत होतात, ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते लागतात आणि धवलारिणी विरळ होत चालल्या आहेत. ज्यांच्या घरी ध्वनिमुद्रणाचे साधन आहे, म्हणजे आज प्रत्येकाच्या खिशात ते आहे, त्यांनी अशी एखादी वृद्धा भेटल्यास तिला आदराने बसवून तिची गीते टिपून घ्यावीत; हे काम विद्यापीठांवर टाकून स्वस्थ बसण्याइतका वेळ आता उरलेला नाही.

कारंज्याच्या कोळ्यांची द्रोणागिरी देवी, उरण गावातील देऊळवाडी, विमला तलाव, केगावचे माणकेश्वर, पीरवाडीच्या किनाऱ्यावरील दर्गा ही येथील श्रद्धास्थाने. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात जो आनंद असतो, तो आपल्याकडील नारळीभाताच्या आनंदाहून निराळा होय. त्यात वर्षभराच्या जिवाचा करार असतो. खाराच्या तळ्यात वाढणारा जिताडा नावाचा मासा पाहुण्याच्या मानाचा समजतात. आमच्या बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरात त्याचा प्रवेश नसला, तरी व्याह्याच्या घरी जिताडा पाठविणे म्हणजे केवढा मान, हे समजून घेण्यास काही हरकत नसावी.

पाहावयास जाणाऱ्यांसाठी

घारापुरी, जिला परकीयांनी एलिफंटा म्हटले, ती उरण तालुक्यातच मोडते. ज्या दगडी हत्तीवरून हे नाव पडले तो 1864 मध्ये हलविताना फुटला. जोडलेल्या स्वरूपात तो आता मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तेथील लेण्यांस 1987 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मात्र मुंबईच्या दिव्यांचा झगमगाट समोर दिसत असताना ह्या बेटावरील लोकांस कायमची वीज मिळावयास फेब्रुवारी 2018 उजाडावे लागले. सोमवारी लेणी बंद असतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

उरणला जावयाचे तर नेरूळ किंवा बेलापूरहून आगगाडी आहे व अटल सेतूने मोटारही जाते. परंतु ज्यांस घाई नसेल त्यांनी एकदा भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचनेच जावे. मोरा बंदरात गाळ साचल्याने ओहोटीच्या वेळी लाँच थांबते, तेव्हा पाण्याची वेळ विचारून निघावे. मुलांना बरोबर घ्यावे. ज्या पाण्याच्या चढउताराने हे गाव घडले ते पाणी पुस्तकातील आकृतीपेक्षा तेथे अधिक चांगले समजते. हिवाळ्यात पाणजे, भेंडखळ ह्या भागांतील पाणथळ जागी हजारो पक्षी उतरतात. पाणजे येथे भरतीचे पाणी आत येऊ द्यावे की नाही ह्याविषयी निसर्गप्रेमी व अधिकारी ह्यांत वाद चाललेला आहे. उघाडी कोणाच्या हाती असावी हा उरणचा जुनाच प्रश्न नव्या रूपाने पुन्हा पुढे आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

द्रोणागिरीच्या नव्या वसाहतीत आता उंच इमारती उठत आहेत. तेथे राहावयास जाणाऱ्या कुटुंबांस आमची एक सूचना आहे. घराची किंमत, पाण्याची सोय व स्थानकाचे अंतर ह्यांची चौकशी आपण करतोच. त्याबरोबर ही जमीन पूर्वी कोणत्या गावाचा खार होती, हेही शेजारच्या गावातील एखाद्या म्हाताऱ्या माणसास विचारावे. तो खाराचे नाव सांगेल, बांध कोठून जात होता हे दाखवील आणि कोणत्या साली खांड पडली होती हेही बहुधा सांगेल. ही माहिती निरुपयोगी नव्हे. समुद्राने दिलेली जमीन समुद्र विसरलेला नसतो. पावसाळ्यात पाणी जुन्याच वाटेने यावयास पाहते, आणि ती वाट कोठली हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा बांधावर धावलेल्या माणसास अधिक ठाऊक असते. मुलाबाळांसह त्या भूमीत कायमचे राहावयाचे, तर तिच्या जुन्या राखणदारांशी ओळख करून घेणे हे आपल्या हिताचे आहे, आणि धर्माचेही.